कुनाफा चॉकलेट, मंदी आणि चहा: नव्याचे नऊ दिवस कुणाचे, आणि टिकतं कोण?

२०२५ च्या रमजानमध्ये इफ्तारच्या बाजारांत एक नवा पाहुणा दिसत होता. जाडजूड चॉकलेटची वडी, मोडली की आतून हिरवागार पिस्ता आणि कुरकुरीत शेवया. कुणी त्याला दुबई चॉकलेट म्हणायचं, कुणी कुनाफा चॉकलेट. मिठाईवाल्यांनी त्याची बर्फी केली, बेकरीवाल्यांनी केक केला, आइस्क्रीमवाल्यांनी कप भरले. घरोघरच्या मुलांनी मोबाईल दाखवून आईबापांचं डोकं खाल्लं. आणि याच काळात आपल्यातल्या कितीतरी तरुणांच्या मनात एकच विचार आला: हेच विकायचं दुकान टाकलं तर?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आखातात आठ-दहा वर्षं काढून परत आलेला मुलगा, बचतीचे पैसे, थोडे मामूंकडून कर्जे-हसना म्हणून घेतलेले, थोडे अम्मीच्या बांगड्यांचे. हे सगळं एका पदार्थावर लावायचं तर तो पदार्थ पाच वर्षांनीही खाल्ला जाईल का, हे आधी समजलं पाहिजे. बाजाराच्या भाषेत एकाला ट्रेंड म्हणतात, दुसऱ्याला फॅड. आपल्या मराठीत फॅडला अगदी चपखल शब्द आहे, खूळ. सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात, हीच तर खरी अडचण आहे.

एक वडी जगभर कशी फिरली

दुबई चॉकलेटचा प्रवास पाहिला तर खूळ कसं वाढतं ते चांगलं कळतं. दुबईत राहणाऱ्या सारा हमौदा या ब्रिटिश-इजिप्शियन उद्योजिकेने २०२१ मध्ये ‘फिक्स’ नावाचा छोटा चॉकलेट व्यवसाय सुरू केला. गरोदरपणातल्या डोहाळ्यांमधून ही कल्पना सुचल्याचं त्या सांगतात. पिस्त्याची क्रीम, ताहिनी (म्हणजे तिळाची पेस्ट) आणि कुनाफ्यासाठी वापरतात त्या बारीक शेवया तुपात परतून चॉकलेटच्या आत भरायच्या, एवढीच कृती. दोन वर्षं त्याची फारशी चर्चा नव्हती. मग डिसेंबर २०२३ मध्ये मारिया वेहेरा या इन्फ्लुएन्सरने गाडीत बसून ती वडी खाल्ल्याचा टिकटॉक व्हिडिओ टाकला. मोडताना होणारा ‘कडक्’ आवाज आणि बाहेर येणारा हिरवा ओघळ, बस्स. तो व्हिडिओ १० कोटींहून जास्त वेळा पाहिला गेला.

पुढचं सगळं आपल्यासमोर घडलं. मूळ वडी फक्त अमिरातीत, तीही दिवसातल्या ठरावीक वेळेलाच ऑर्डर करता यायची. मिळत नाही म्हटल्यावर हवी असणाऱ्यांची संख्या आणखी वाढली. २०२४ च्या अखेरीस लिंट या स्विस कंपनीने जर्मनीत आपली मर्यादित आवृत्ती आणली तेव्हा लोक थंडीत रांगेत उभे राहिले. पाठोपाठ सुपरमार्केटच्या स्वस्त आवृत्त्या आल्या. पिस्त्याची मागणी इतकी वाढली की वर्षभरात पिस्त्याच्या गराचा भाव पौंडाला सुमारे ७.६५ डॉलरवरून १०.३० डॉलरवर गेल्याच्या बातम्या २०२५ च्या एप्रिलमध्ये आल्या. अमेरिकेतलं पीक त्या हंगामात कमी आलं होतं, तेही कारण होतंच. ब्रिटनच्या अन्नसुरक्षा यंत्रणेला इशारा द्यावा लागला की बाहेरून येणाऱ्या काही वड्यांवर शेंगदाणा, तीळ यांसारख्या ॲलर्जी करणाऱ्या घटकांची नीट माहिती नाही.

आता यात एक गंमत बघा. कुनाफा स्वतः अजिबात नवा नाही. पॅलेस्टाइनमधलं नाब्लुस शहर चीज घातलेल्या कुनाफ्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखलं जातं. शाम, इजिप्त, तुर्कस्तान, सगळीकडे तो रमजानचा पदार्थ आहे. म्हणजे शेकडो वर्षं टिकलेल्या पदार्थाच्या खांद्यावर बसून ही दोन वर्षांची वडी जगभर फिरली. बहुतेक खुळांचं असंच असतं. आत काहीतरी जुनं, पक्कं असतं आणि वर नवा मुलामा.

लॉकडाऊनमधली डालगोना कॉफी आठवते? २०२० च्या जानेवारीत दक्षिण कोरियाच्या जंग इल-वू या अभिनेत्याने टीव्हीवर तिला हे नाव दिलं आणि मार्च-एप्रिलमध्ये अर्धं जग घरात बसून कॉफी, साखर आणि गरम पाणी फेटत होतं. आपल्या घरातल्या मोठ्यांनी तर लगेच सांगितलं, अरे ही तर आपली फेंटी हुई कॉफी! खरंच होतं ते. हॉटेलं उघडली, लोक कामाला लागले, आणि अर्धा तास हात दुखवून कॉफी करायला कुणाला वेळ उरला नाही. डालगोना गेली, फेंटी हुई कॉफी मात्र जिथे होती तिथे आहे.

मंदीच्या बाजारातली मंदी

आता दुसरा पदार्थ घेऊ. मराठीत त्याचं नावच असं पडलंय की दुकानाची पाटी वाचून माणूस दचकावा. ‘येथे मंदी आहे.’ कुणी दुकानदार ‘मंडी’ लिहितो, कुणी ‘मंधी’. पण कोंढवा, मुंब्रा, भिवंडीपासून मराठवाड्यापर्यंत हे मोठं थाळ आता सगळ्यांच्या ओळखीचं झालंय.

मंदी मूळची येमेनच्या हद्रमौत भागातली. जमिनीत खणलेल्या भट्टीत खाली भाताचं भांडं आणि वर मांस, तोंड बंद. मांसाचा रस आणि चरबी थेंब थेंब खालच्या भातात उतरते. नावाचं मूळ ‘नदा’ म्हणजे ओलावा किंवा दव या अरबी शब्दात असल्याचं सांगतात, ते या मऊ, रसाळ मांसामुळेच. मसाला फार कमी. आपल्या बिर्याणीवर वाढलेल्या जिभेला पहिल्या घासाला ती थोडी सपकच वाटते, हे मान्य करायला हवं.

तरीही ती टिकली. का टिकली हे बघण्यासारखं आहे.

ती इथे रीलमधून आली नाही, माणसांबरोबर आली. हैदराबादचं बारकस हे उपनगर निजामाच्या फौजेतल्या अरब सैनिकांच्या वंशजांचं, नावच मुळी ‘बॅरक्स’वरून पडलेलं. त्यांचे पूर्वज हद्रमौतचे. मंदीची हॉटेलं आधी तिथे रुजली आणि मग हैदराबादभर पसरली. तिकडे केरळात आखातातून परतलेल्यांनी ती मलबारात नेली, तिथे तिला ‘कुळिमंदी’ म्हणतात, म्हणजे खड्ड्यातली मंदी. आणि आपला मराठवाडा? १९४८ पर्यंत तो हैदराबाद संस्थानातच होता. निजामाच्या काळात आलेल्या हद्रमी अरबांचे वंशज, म्हणजे आपले चाऊस मंडळी, औरंगाबाद, नांदेड, परभणीकडे आजही आहेत. म्हणजे मंदी आपल्याकडे पाहुणी म्हणून आली असली तरी तिचे नातेवाईक इथे आधीपासून राहत होते.

दुसरी गोष्ट तिच्या स्वभावाची. मंदी एकट्याने खायचा पदार्थ नाही. चार-पाच जणांनी एका थाळाभोवती बसायचं, खाली गालिचा, मध्ये दस्तरखान. आपल्याकडे एका थाळात खाण्याला आधीच मान आहे. बोहरा कुटुंबांत तर थाळाभोवती बसून जेवणं हीच रीत आहे. म्हणजे लोकांना नवी सवय लावायची गरज पडली नाही. बुरखा घातलेल्या बायका, म्हातारी माणसं, लहान मुलं अशा सगळ्या कुटुंबाला पडद्याच्या छोट्या खोलीत निवांत बसून जेवता येतं ही सोय आपल्या मोहल्ल्यातल्या साध्या हॉटेलांत पूर्वी फारशी नव्हती. आमच्या मते मंदीच्या यशात भातापेक्षा या खोलीचा वाटा मोठा आहे.

तिसरी गोष्ट हिशेबाची. कोंबडी, लांब दाण्याचा सेला तांदूळ, कोळसा, टोमॅटोची चटणी. यातलं काहीच परदेशातून येत नाही. बिर्याणीचा भटारी थोड्या दिवसांत मंदी शिकतो. खड्ड्याची भट्टी नसली तरी कोळशाचा धूर देऊन भागवलं जातं. जाणकार नाक मुरडतात, पण ग्राहक खातो.

आणि मंदी बदलली. तिखट मसाला लावलेली, तळलेल्या कोंबडीची, वर मेयोनीज घातलेली अशी तिची पोरंबाळं आता मेन्यूवर आहेत. हद्रमौतच्या माणसाला हे बघून चक्कर येईल. पण ज्या पदार्थाला इथली जीभ आपल्यासारखं वळवून घेते, तोच इथे राहतो. १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग यांनी आलं-लसूण-मिरचीला सोया सॉसची जोड देऊन चिकन मंचुरियन केलं, ते चीनमध्ये कुठे सापडणार नाही. आपल्या गल्लीतल्या चायनीजच्या गाडीवर मात्र रोज संपतं.

टिकणाऱ्याची लक्षणं

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नवी गोष्ट समाजात कशी पसरते यावर एक पुस्तक लिहिलं. त्यांची मांडणी आजही मार्केटिंगवाले वापरतात. त्यांच्या हिशेबाने शंभरातले दोन-तीन जण नवं काही दिसलं की लगेच उडी मारतात. त्यांच्या मागोमाग तेरा-चौदा जण येतात, ज्यांचं बघून इतर ठरवतात. मग चौतीस, पुन्हा चौतीस, आणि शेवटी सोळा जण असे की ज्यांना काहीच बदलायचं नसतं. (प्रत्येक घरात एक तरी अब्बा या सोळांत मोडतात.)

खूळ बहुतेक वेळा पहिल्या सोळा-सतरा जणांतच पेट घेतं आणि तिथेच विझतं. कारण पुढच्या चौतीस जणांना फोटोत रस नसतो. ते विचारतात, हे माझ्या खिशाला परवडतं का, घरात सगळे खातील का, करायला किंवा मिळवायला सोपं आहे का, आधी थोडंसं चाखून बघता येईल का. रॉजर्स यांनी शेतकऱ्यांच्या नव्या बियाण्यांपासून अनेक गोष्टींत जवळपास हेच प्रश्न सापडल्याचं मांडलं होतं. मंदीला या सगळ्यांची उत्तरं देता आली. शंभर ग्रॅमला कित्येक शे रुपये मोजावे लागणाऱ्या वडीला ती कठीण जातात.

आणि खरा ट्रेंड पुष्कळदा इतका साधा असतो की त्याची रील कुणी काढत नाही. आपल्याच घरातलं उदाहरण घ्या. तयार समोसा पट्टी. पूर्वी रमजानच्या आधी बायका मैद्याच्या पट्ट्या लाटून, तव्यावर अर्धवट शेकून, कापून ठेवायच्या. आता पाकीट आणतात, सारण भरून फ्रीजरमध्ये टाकतात. याचं कुणी कौतुक केलं नाही, पण ही सवय मागे फिरणारी नाही, कारण तिच्यामागे घराघरातला मोठा फ्रीज आहे, नोकरी करणारी सून आहे, आणि रोजा ठेवून दुपारभर चुलीपाशी उभं राहण्याचा कंटाळा आहे. तसंच खजुराचं. सुट्या, दाबलेल्या खजुराची जागा डब्यातल्या मऊ किमिया खजुराने घेतली आणि रमजान संपला तरी तो डबा फ्रीजमध्ये राहू लागला. साखर कमी करायला डॉक्टरांनी सांगितलेल्या घरांत तो मिठाईची जागा घेतो. आखातात जाणं-येणं, वाढता मधुमेह, शीतगृहांची सोय अशी दोन-तीन कारणं एकत्र आली की ट्रेंड जन्माला येतो. खुळाला एकच कारण पुरतं.

वरून ढकललेल्या ट्रेंडचंही थोडं बोलू. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. मोठ्या हॉटेलांत ज्वारीचा पिझ्झा आला, नाचणीचा पास्ता आला. यातलं काय राहील सांगणं कठीण आहे, पण सोलापूर-लातूरकडच्या ताटातल्या ज्वारीच्या भाकरीला या जाहिरातीची गरज कधी पडलीच नव्हती.

चहासुद्धा कधीतरी नवाच होता

ट्रेंड नेहमी लोकांच्या मनातून आपोआप उगवतो असंही नाही. चहाची गोष्ट हे सांगायला सगळ्यात चांगली आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी भारतातल्या बहुतेक घरांत चहा होत नव्हता. आसाम-दार्जिलिंगचा चहा जहाजाने विलायतेला जायचा. १९०३ मध्ये इंग्रज सरकारने निर्यात होणाऱ्या चहावर कर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे देशातच गिऱ्हाईक तयार करण्यावर भर आला. रेल्वे स्टेशनांवर चहाच्या टपऱ्या, गिरण्या-कारखान्यांत चहाची सुट्टी, बाजारात फुकट कप, भिंतींवर चहा कसा करावा याची चित्रं. गंमत म्हणजे प्रचारकांना अपेक्षित होता तो हलका, विलायती पद्धतीचा चहा. आपल्या विक्रेत्यांनी त्यात दूध-साखर वाढवली, आलं-वेलची घातली, पत्ती कमी केली. कंपन्यांच्या लोकांना हे आवडलं नाही, कारण त्यांना पत्ती खपवायची होती! मग १९३० च्या दशकात आसामात पानं चिरडून, फाडून बारीक गोळी करणारं सीटीसी यंत्र आलं. स्वातंत्र्यानंतर हा कडक आणि स्वस्त चहा देशभर पसरला आणि कमी पत्तीत गडद कप होऊ लागला. तिथून चहा गरिबाच्या घरातही पोचला. मुंबई-पुण्यातल्या आणि हैदराबादेतल्या इराण्यांनी त्याला बसायला जागा दिली, सोबत बनमस्का दिला.

म्हणजे प्रचार लागला, यंत्र लागलं, किंमत उतरावी लागली, आणि शेवटी लोकांनी तो आपल्या पद्धतीने बिघडवला तेव्हा कुठे चहा ‘आपला’ झाला. यात काही दशकं गेली.

कॉफीला तर याहून मोठा विरोध झाला. पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागं राहायला कॉफी पीत. ती मक्केत पोचली तेव्हा लोक जमून कॉफी पितात, गप्पा मारतात यावरून गदारोळ झाला आणि १५११ मध्ये तिथला अधिकारी खैर बेग याने तिच्यावर बंदी घातली. कैरोच्या सुलतानाने ती बंदी फार काळ टिकू दिली नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इस्तंबूलमध्ये कहवाखाने उघडले. आणि बाबा बुदन हजहून परतताना येमेनमधून सात बिया घेऊन चिकमगळूरच्या डोंगरात आले, ही आख्यायिका कर्नाटकात आजही सांगतात. त्या काळात एखाद्या शहाण्याने ‘हे चार दिवसांचं खूळ आहे’ म्हटलं असतं तर कुणी त्याला दोष दिला नसता. म्हणून आज मुलं जे पितात ते सगळंच थिल्लर आहे असं समजण्याची घाई नको.

दुकान टाकणाऱ्यांसाठी

आता पैशाचं. समजा एखाद्या मुलाने फक्त एका चालू पदार्थाचं दुकान टाकलं. जागेची अनामत, फर्निचर, मशीन आणि पाटी मिळून सहा लाख गेले. रोज शंभर प्लेटा विकल्या जातात आणि माल, पगार, भाडं, वीज सगळं वजा करून प्लेटमागे चाळीस रुपये हातात राहतात. सहा लाख परत यायला पंधरा हजार प्लेटा विकाव्या लागतील. म्हणजे एकही दिवस बंद न ठेवता दीडशे दिवस, पाच महिने. दुकान लावण्यात दोन महिने गेलेले असतात ते वेगळेच. खुळाचं आयुष्य कधी कधी एवढंही नसतं. आणि शंभराच्या पन्नास प्लेटा झाल्या की नफा अर्धा होतो असं समजू नका. भाडं आणि पगार तेवढेच राहतात, त्यामुळे प्लेटमागचे ते चाळीस रुपयेच गायब होतात. त्यात गल्लीत तेच विकणारी आणखी तीन दुकानं उघडलेली असतात. जे एका दिवसात शिकता येतं ते शेजाऱ्यालाही एका दिवसात येतं.

म्हणून खुळापासून लांबच राहावं असं मात्र आम्हाला वाटत नाही. घरातून केक-चॉकलेटच्या ऑर्डर घेणाऱ्या आपल्या बहिणींनी कुनाफा चॉकलेटच्या लाटेत कसं काम करावं ते बघा: आगाऊ ऑर्डर, आगाऊ पैसे, मागणीपुरताच पिस्ता, दुकानाचं भाडं नाही. लाट ओसरली की साचे कपाटात आणि पुन्हा वाढदिवसाचे केक. आधीच चालू असलेल्या बेकरीने काउंटरवर एक नवी बरणी ठेवली तरी बिघडत नाही. धोका आहे तो तीन वर्षांच्या भाडेकरारावर चार महिन्यांचा पदार्थ विकण्यात. फ्रँचायझीची मोठी फी भरून दुसऱ्याचं नाव घ्यायचं असेल तर त्या नावाची दोन वर्षं जुनी शाखा आज, आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी कशी चालते हे स्वतः जाऊन बघावं. उद्घाटनाची गर्दी सगळ्यांकडेच असते.

एक साधी खूण आम्हाला उपयोगी वाटते. तिसऱ्यांदा आलेला ग्राहक मोबाईल बाहेर काढतो का? पहिल्या वेळी सगळेच फोटो काढतात. तिसऱ्या वेळी जो फोटो न काढता, मुलांना घेऊन येतो, तो पदार्थासाठी आलेला असतो.

दिल्लीच्या जामा मशिदीजवळचं मोहब्बत का शरबत, म्हणजे दूध, गुलाबाचं सरबत आणि कलिंगडाच्या फोडी, हेही व्हिडिओंमुळेच देशभर गेलं. पण ते स्वस्त आहे, उन्हाळ्यात कलिंगड कुठेही मिळतं आणि गुलाबाचं सरबत तर आपल्याकडे पिढ्यांपासूनचं. रूह अफजा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दिल्लीत हकीम अब्दुल मजीद यांनी बनवलं, तेव्हापासून ते घराघरात आहे. त्यामुळे नाव विसरलं गेलं तरी ते पेय इफ्तारला राहील असा आमचा अंदाज आहे.

घाईत दोन गोष्टी सुटतात

पहिली सुरक्षितता. खूळ पसरतं तेव्हा ते करणारा शिकलेला नसतो. २०२२ मध्ये केरळच्या कासरगोड जिल्ह्यात शोरमा खाऊन विषबाधा झाली आणि एका शाळकरी मुलीचा जीव गेला. शोरमा हा पदार्थ वाईट नाही. पण अर्धवट शिजलेलं मांस, तासन्‌तास उघड्यावर ठेवलेलं मेयोनीज आणि आपल्याकडची उष्णता यांची गाठ पडली की काय होतं ते तिथे दिसलं. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने २०२५ मध्ये वर्षभराची बंदी घातली. २०२४ मध्येच बंगळुरूत एका लग्नात द्रवरूप नायट्रोजनचं ‘धुराचं पान’ खाल्ल्याने बारा वर्षांच्या मुलीच्या पोटाला छिद्र पडलं, शस्त्रक्रिया करावी लागली. आपल्या वलीम्यांत आता लाइव्ह काउंटरची चढाओढ चालते. पाहुण्यांसमोर धूर काढणारा काउंटर नसला म्हणून कुणाची इज्जत जात नाही. ते पैसे वाचले तर नव्या जोडप्याच्या कामी येतील.

दुसरी गोष्ट हलालची. कोरियन मालिका बघून मुलं तिखट नूडल्स मागतात. यातल्या काही पाकिटांवर हलालची खूण असते, त्याच कंपनीच्या दुसऱ्या पाकिटावर नसते, त्यामुळे नाव ओळखीचं आहे म्हणून उचलू नये. मार्शमॅलो आणि जेलीत जिलेटिन असतं आणि ते कशापासून काढलंय हे बऱ्याचदा लिहिलेलं नसतं. लाल-गुलाबी गोळ्यांवर ई१२० लिहिलं असेल तर तो किड्यापासून काढलेला रंग आहे. जपानी-कोरियन सॉसमध्ये कधी मिरिन असते, म्हणजे तांदळाची गोड दारू. चॉकलेटच्या भरणातही कधी अल्कोहोल असतं. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचायची सवय मुलांनाच लावली तर ती आपल्यापेक्षा पटकन शिकतात, आणि दुकानात उगाच होणारी रडारडही कमी होते.

राहता राहिला कुनाफा चॉकलेटचा प्रश्न. आम्हाला विचाराल तर त्याची वडी म्हणून असलेली धूम ओसरेल, पण पिस्ता आणि शेवयांची ती जोडी आइस्क्रीममध्ये, केकमध्ये, ईदच्या मिठाईच्या डब्यातल्या एका कोपऱ्यात राहून जाईल. मंदीचं थाळ कुठे जाणार नाही. फक्त पुढच्या काही वर्षांत एका रस्त्यावरच्या सहा मंदी हॉटेलांपैकी दोनच उरतील, आणि ती बहुधा तीच असतील जिथला भात आधी बिर्याणीच्या दिवसांतही चांगला होत होता.